ओवाळणीतला होकार

हैदराबाद, १२ सप्टेंबर १९९९

चि. कुमुद,

अनेक आशीर्वाद. आमी दोघं सुखरूप पोचलो. दवाखान्यासमोरच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. डॉक्टरांनी बजावलं आहे की बोलावणं आलं तर तासाभरात हजर पाहिजे, म्हणून गावी जैनथला परतणं आता नाई. पोळ्याच्या दिवशी खिडकीत बसून राह्यलो, पण एक बैल दिसला नाई. आशानं कणकेचे बैल करून पूजले अन् घरमालकिणीच्या नातवानं त्यातला एक खाऊन टाकला. तू गावी जाऊन आलीस का? आपल्या चंपत गड्यानं जोडीले नवी झूल घातली का जुनीच?

इथली रीत तुले सांगतो. अपघातात कोणाचा मेंदू मरते, पण मशीनवर छाती हालत असते. त्याच्या घरचे हो म्हणाले तर त्याचं लिव्हर काढून दुसऱ्याले बसवतात. त्यासाठी नंबर लावतात. माझा रक्तगट ओ. ओ वाल्याचं कोणालेही चालते, पण ओ वाल्याले मात्र ओचंच लागते. म्हणजे मी गावच्या विहिरीसारखा. भरायचं सर्वांनी, ओतायचं कोणी नाई. ओ चे दोघं माझ्यापुढे आहेत. डॉक्टर देगलूरकर आपलेच, चार पिढ्यांपासून हैदराबादी. मराठी बोलता बोलता मधेच 'नक्को' म्हणतात.

आशा माहूरच्या देवीले नवस बोलाले बसली होती. मी म्हटलं, "काय मागशील? कोणाचा तरी पोरगा मोटारसायकलवरून पडू दे म्हणशील?" तिनं हातातला नारळ खाली ठेवला. मंग म्हणाली, "मी काईच नाई मागत. 'तुले माहीत आहे', एवढंच देवीले म्हणते."

रेणूचा दहावीचा अभ्यास घे. तुझ्या घरी आहे म्हणून मले घोर नाई. बापाची तब्येत बरी आहे असंच तिले सांग.

तुझा दादा

ताई, हे लिहीत नाईत म्हणून मी खाली लिहून राह्यले. डॉक्टर म्हणाले, जित्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा बी चालते, देणाऱ्याचं परत वाढते. माझा गट जुळत नाई. बहिणीचा पाहा म्हणाले. यायनं ऐकून घेतलं अन् नाई म्हणून मान हालवली. आशा.


बोथ, १९ सप्टेंबर १९९९

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींनी खाली लिहिलेल्या ओळी वाचल्या. त्या तू लिहायला हव्या होत्यास.

काल आदिलाबादला जाऊन रक्त तपासून आले. माझाही गट ओ आहे. पत्र लिहिण्याआधी गेले, कारण आधी पत्र लिहिलं असतं तर कदाचित तपासणी पुढे ढकलली असती. मी स्वतःला ओळखते.

मी तयार आहे, दादा. आजकालच्या शोधांवर मिळेल ते वाचलं. आधी आई-बाप लहान मुलांना तुकडा देत. आता जपानात, अमेरिकेत मोठ्या माणसांनाही देऊ लागले आहेत. शंभरात एखादा देणारा दगावतो, असंही वाचलं. ते लपवत नाही. पण तुझ्यापुढचे दोघे आणि मग तू, तोवर किती अपघात व्हायला हवेत याचा हिशोब मनात करत राहणं मला जमणार नाही.

'बहिणीचं घेत नसतात' हे तू म्हणणार. आपले आबा लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत, माझ्याकडे आले की पाण्याचा तांब्या पिशवीत घेऊन येत, हे मी विसरलेले नाही. पण तो तांब्या होता आणि हा जीव आहे. तू जुना माणूस नाहीस. मी तयार आहे, एवढं डॉक्टरांना कळव. खरंच तयार आहे.

पोळ्याला गेले होते. झूल नवीच होती.

तुझी कुमुद


हैदराबाद, २७ सप्टेंबर १९९९

चि. कुमुद,

तुझं पत्र वाचलं. 'तयार आहे' हे इतक्या वेळा लिहिलंस की मले आपला शाळेतला टोचणीचा दिवस आठवला. तूच सगळ्या पोरींना सांगत फिरत होतीस, "मी नाई भीत, मी नाई भीत." अन् कंपाउंडरनं सुई काढल्याबरोबर आडवी झालीस. तुले पाठीवर घेऊन घरी आणता आणता माझी चप्पल तुटली.

रागावू नको. आबांचा तांब्या तुले जुना वाटते, मले नाई वाटत. दिलेल्या बहिणीकडे द्याले जातात, घ्याले नाई. मी तुझ्याकडे येतो तेव्हा जेवतो, चहा पितो, एवढा सुधारलो आहे. पण पोटातलं काढून घेण्याइतका नाई. तुले सुधाकरराव आहेत, दोन पोरं आहेत. मी हो म्हटलं तर आबा वरून तांब्या फेकून मारतील.

माझ्यापुढच्या दोघांपैकी एक करीमनगरचा होता. तो आता नाई. म्हणजे मी एक नंबर पुढे सरकलो. असं पुढे सरकणं काई बरं वाटत नाई, पण आशा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली अन् मंग रडली.

पायावर सूज आहे. मीठ बंद. बिनमिठाचं वरण म्हणजे सरकारी वचन, पोट भरते पण चव नाई.

दादा


हैदराबाद, १४ ऑक्टोबर १९९९

चि. कुमुद,

तुले दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. मंगळवारी बोलावणं आलं. आशानं भाकरी थापाले घेतली होती, तेवढ्यात घरमालकीण "अन्ना, फोनु, फोनु" करत धावत आली. दवाखान्यातून सांगितलं, काही खाऊ नका, निघा. माझ्यापुढचा दुसराही मागच्या आठवड्यात गेला होता, नंबर माझाच होता.

मले छातीपासून मांडीपर्यंत भादरलं. पोटावर पिवळं औषध लावलं. आशाले म्हटलं, "पाहून घे, पुन्हा हळद लागली, दुसऱ्यांदा नवरदेव झालो." ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

गाडीवर झोपवून नेलं. वाटेत बाकावर एक बाई बसली होती. हातात चहाचा पेला, तो तसाच धरलेला. देणाऱ्या पोराची माय तीच, असं ढकलणारा माणूस तेलुगूत दुसऱ्याले सांगत होता. तिच्या पोराचा भोंगीरजवळ अपघात झाला.

दुपारी नर्स आली अन् माझ्या पोटावरचं औषध पुसू लागली. एकोणीस वर्षांची एक पोरगी आणली होती. साधी कावीळ झाली अन् चार दिवसांत लिव्हर गेलं. तिच्याजवळ दोनच दिवस होते. अचानक बिघडलेल्याले आधी, जुन्याले मागून, असा यांचा नियम आहे. देगलूरकर स्वतः सांगाले आले. मी म्हटलं, "नियम बरोबर आहे. माझी रेणू असती तर मी हाच नियम मागितला असता." त्यांनी माझा हात धरला. डॉक्टर लोक हात धरतात तेव्हा समजून घ्यावं.

परत नेताना ती बाई तिथंच होती. तिनं माझ्याकडं पाहून मान हालवली. तिले वाटलं असेल मलेच मिळालं. मीही हालवली. मिळालं नाई, ते तिले कळवणारा मी कोण?

पोरगी बरी आहे असं ऐकतो. आशानं त्या दिवशीचं भाकरीचं पीठ गाईले टाकलं. हे रेणूले सांगू नको.

दादा


बोथ, २१ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,

तुझं पत्र शाळेत मिळालं. नववीच्या वर्गावर जायचं होतं. गेले नाही.

'नियम बरोबर आहे' हे तू कसं म्हणू शकलास? मलाही तो बरोबरच वाटतो, पण म्हणता येत नाही. त्या मुलीचं बरं व्हावं असं वाटायला मला तीन दिवस लागले. ही माझ्या मनाची लायकी.

यांना सगळं सांगितलं. सुधाकरराव बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "मी हो म्हणालो आणि तुला काही झालं, तर माझ्यामुळे. नाही म्हणालो आणि दादांना झालं, तरी माझ्यामुळे. तू ठरव. मला विचारू नकोस." मला राग आला. पण त्यांच्या जागी मी काय वेगळं म्हणाले असते?

रेणूला मी सांगितलं नव्हतं, तिला चंपतकडून कळलं. काल तिची वेणी घालत होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. तिने विचारलं, "आत्या, तू देणार ना?" मी म्हणाले, "देणार." वेणी दोनदा सुटली.

म्हणून आता ऐक. मी भाऊबीजेला हैदराबादला येते. ओवाळल्यावर भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही. आपल्या घरात कधी कोणी म्हटलं नाही. मला साडी नको. मला ओवाळणीत तुझा होकार हवा.

आजच का निघत नाही, असं तू विचारणार नाहीस, पण मी विचारते. सहामाही परीक्षा आहे, पेपर तपासायचे आहेत. हे खरं कारण आहे. ते पुरेसं आहे का, ते माहीत नाही.

कुमुद


हैदराबाद, ३० ऑक्टोबर १९९९

चि. कुमुद,

ओवाळणी मागायची नसते. भाऊ ताटात टाकील ती घ्यायची असते. एवढी शिकलीस अन् एवढं विसरलीस?

पण ये. चकल्या आण, बिनमिठाच्या. त्याले चकल्या म्हणतात का ते तूच ठरव. अन् त्या तपासण्यांचं म्हणशील तर मी देगलूरकरांशी बोलून ठेवलं आहे. तू फक्त ये.

दादा


बोथ, १६ नोव्हेंबर १९९९

ती. दादास,

काल पोचले. रेणू दारातच उभी होती. मी काही बोलायच्या आधीच ती आत गेली.

तू तिथे होतास त्या गोष्टी पुन्हा लिहायला नकोत. तरी एक लिहिते. मी निरांजन ओवाळलं, तू ताटात साडी ठेवलीस आणि म्हणालास, "घे. अन् तुझा होकारही घे." वहिनी एकदम उठून मोरीकडे गेल्या. मला वाटलं, आनंदाने. दादा, इतक्या सहज म्हणालास की माझे हातच गार पडले. तुला समजवायची सगळी वाक्यं बसमध्ये तयार केली होती, ती तशीच राहिली. तुझ्या नकाराशी भांडायची मला इतकी सवय झाली होती, की होकाराचं काय करायचं ते ठरवलंच नव्हतं.

आता तू नव्हतास तिथलं सांगते. डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत बसवलं. म्हणाले, "बघा ताई, इथं मोठ्या माणसाला जिवंत माणसाचं अजून कोणी दिलेलं नाही. तुम्ही पहिल्या असाल. तुम्हाला नक्को असेल तर आत्ता इथं सांगा. आम्ही बाहेर 'जुळत नाही' एवढंच म्हणू. का जुळत नाही, ते घरच्यांना कोणालाही मालूम होत नाही." मी म्हणाले, "मी तयार आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावर हात ठेवले होते, ते खाली घेतले.

रक्त घेतलं. पोटावरून मशीन फिरवली. एक मोठी तपासणी शनिवारी करायची होती. शनिवारी सकाळी त्यांनी बोलावून सांगितलं, "जुळत नाही ताई. शिरांची ठेवण वेगळी आहे. तुम्ही घरी जा." मोठी तपासणी झाली नव्हती. मी "बरं" म्हणाले.

हे तुला लिहावं की नाही, यावर दोन दिवस गेले. आजारी माणसावर आपलं ओझं टाकू नये, हे कळतं. पण तुझ्यापासून लपवलं तर मी कोणाशी खरी राहीन? ठेवण खरंच वेगळी होती का? की डॉक्टरांनी माझे हात पाहिले?

आणि आणखी एक. येताना बस निर्मलला थांबली. मला भूक लागली. भाऊबीजेपासून घास उतरत नव्हता. निर्मलला मी भजी घेतली, संपवली आणि पुन्हा घेतली. दुसरा पुडा हातात आल्यावर लक्षात आलं की मला इतकी भूक का लागली आहे.

कुमुद


हैदराबाद, २१ नोव्हेंबर १९९९

कुमुद,

हात थरथरते, अक्षर मोठं येते, समजून घे.

भजे खाल्लेस हे बरं केलंस. निर्मलचे भजे चांगलेच असतात. मले तळलेलं खायची मनाई आहे, म्हणून माझ्या वाटचे तू खाल्ले, असं समज. त्यात पाप शोधू नको. तुले लहानपणापासून खोड आहे. पाटीवर शंभर गुण मिळाले तरी पुसून पाहायची, खाली शून्य तर नाई ना.

शिरा वेगळ्या निघाल्या त्याले तू काय करशील? देवानं आपल्या दोघांचे नाक सारखे केले, शिरा नाई केल्या. तू आलीस, मागितलंस, मी हो म्हटलं. बहीण-भावाचं जे होते ते झालं. हिशोब संपला. पुन्हा उकरू नको. माझी शपथ.

एक नंबरावर अजून मीच आहे. पण पोटात पाणी फार झालं. डोकं कधी कधी भरकटते. काल आशाले आबा समजलो अन् कापसाचा भाव विचारला. ती म्हणाली, "उतरला." आबाच बोलले असते तसं.

रेणूले तुझ्याकडेच शिकू दे. कापूस वेचणीले चंपत आहे. तुळजाबाईले मजुरी वेळेवर दे म्हणावं, ती मागत नाई.

दादा


बोथ, १३ डिसेंबर १९९९

ती. सौ. वहिनींस,

'सौ.' लिहून गेले. खोडणार होते. खोडलेलं दिसलं असतं म्हणून तसंच ठेवते. क्षमा करा.

दादाच्या तेराव्यापर्यंत जैनथला तुमच्याजवळ होते, तेव्हा विचारायला हवं होतं. चुलीजवळ तुम्ही आणि मी किती वेळ बसलो, पण तोंड उघडलं नाही. माणसं होती, हे निमित्त. कागदावर धीर येतो.

भाऊबीजेला दादा हो म्हणाला, तेव्हा तुम्ही उठून मोरीकडे गेलात. आनंदाने गेलात असं मी समजले. आता तसं वाटत नाही. त्याने ३० ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलं होतं, 'देगलूरकरांशी बोलून ठेवलं आहे.' काय बोलून ठेवलं होतं? उकरू नको अशी त्याने मला शपथ घातली आहे. ती मोडते आहे. तुम्हालाही घातली असेल तर उत्तर देऊ नका, मी समजेन.

तुमची कुमुद


जैनथ, १९ डिसेंबर १९९९

ताई,

तुमी शिकलेल्या, म्हणून गोल फिरवून विचारता. मले सातवीपर्यंतचंच येते, मी सरळ सांगते. शपथ मले बी घातली होती. पण ज्यानं घातली तो गेला, अन् मले आता कोणाच्या शपथेचं भ्या नाई.

तुमचं ओवाळणी मागायचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे मले घेऊन देगलूरकर डॉक्टरकडे गेले. म्हणाले, "माझी बहीण येईल. ती ओवाळून मागणार, तवा मले नाई म्हणता येणार नाई. मी हो म्हणीन. तुमी नाई म्हणा. जुळलं तरी जुळत नाई म्हणा." डॉक्टर म्हणाले, "अहो, दुसरं लिव्हर कधी मिळंल मालूम नाही. तुमच्याजवळ वेळ कमी आहे." हे म्हणाले, "ती लहानपणापासून सुईले भेते. ती देईल, पण भेत भेत देईल. मेली तर तिची पोरं माझ्या दारात येतील. अन् जगली तर मी जन्मभर तिच्या पोटावरची शिवण पाहीन. मले नाई पाहिजे." डॉक्टर म्हणाले, "घेणाऱ्याची मर्जी नसंल तर मी जबरदस्ती करू शकत नाही." म्हणून तुमची मोठी तपासणी केलीच नाई. जुळत होतं का नव्हतं, ते डॉक्टरले बी माहीत नाई. कोणालेच माहीत नाई.

मी खोलीवर येऊन भांडली. मी म्हटलं, "काऊन असं केलं? मी भीक मागून आणीन, तुमी दारात आलेलं परत पाठवता?" तर म्हणे, "बहिणीचं घेत नसतात." मी म्हटलं, "मी घेते नं! मी कोणाची बहीण नाई, मी बायको हाव!" मले त्यायनं शपथ घातली.

मोरीकडं मी आनंदानं नाई गेली. लुगडं तोंडात कोंबून रडाले गेली.

ताई, मले तुमचा राग हाये, अन् त्यायचा बी. तुमी दिलं असतं तर मी घेतलं असतं. तुमी भेत भेत दिलं असतं तरी घेतलं असतं. देणाऱ्यानं भेऊ नये असं कुठं लिहिलं हाये? मले कोणी विचारलंच नाई. तुमी दोघं बहीण-भाऊ एकमेकाले ओवाळत राह्यले, अन् दिवा माझ्या घरचा गेला.

आता एक मागते. रेणूले माझ्याकडे पाठवा. तिचं शिक्षण जैनथच्या शाळेत होईल तेवढं होईल. घर खायाले उठते.

आशा


बोथ, २७ डिसेंबर १९९९

वहिनी,

रेणू काल सकाळच्या बसने चंपतबरोबर निघाली. पोचली असेल. तिची पुस्तकं मोठ्या पिशवीत आहेत. गणिताचं एक माझ्याकडे राहिलं, ते पुढच्या आठवड्यात मी स्वतः घेऊन येते. तुम्ही घरात घेतलंत तर बसेन, नाही तर दारातून देऊन परत जाईन.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आधी वाटलं, दादाने माझी भीती झाकली. मग वाटलं, माझं उत्तरच त्याने माझ्याकडून काढून घेतलं, मला कधी कळू दिलं नाही की मी कोण. हे दोन्ही माझ्याबद्दलच होतं. तुमचं पत्र वाचेपर्यंत तुमच्याबद्दल मी एकदाही विचार केला नव्हता, हे त्यानंतर लक्षात आलं.

रेणूला मी 'जुळलं नाही' असं सांगितलं होतं. तिला ते घेऊन तुमच्याकडे पाठवणं बरोबर वाटलं नाही. म्हणून काल बसथांब्यावर खरं सांगितलं. की मोठी तपासणी झालीच नाही, जुळतं की नाही हे कोणी पाहिलं नाही, बाबांनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. चंपत पिशव्या टपावर चढवत होता. तिने सगळं शांतपणे ऐकलं. दादासारखीच ऐकते, मान थोडी वाकडी करून.

मला वाटलं ती बाबांबद्दल काही विचारील.

तिने विचारलं, "डॉक्टर नाही म्हणाले तेव्हा तू पुन्हा काऊन नाई विचारलं, आत्या?"

कंडक्टरने शिटी मारली. ती चढली आणि खिडकीजवळ बसली. बस वळणापर्यंत दिसत होती, तोवर ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. उत्तर येईल म्हणून.

कुमुद